गुडघा बदलायला निधी, जपायला काय?

फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावावे की नाही, या वादाने सप्टेंबर २०२५ मध्ये बरीच धूळ उडवली. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यास मनाई करणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागेही घेतले. या गदारोळात रुग्णाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. कठड्याचा आधार घेत जिना चढणाऱ्या सामान्य माणसाला ही सेवा घराजवळ आणि परवडेल अशा दरात मिळणार कशी, हा तो प्रश्न होय.

सांधेदुखी हे केवळ सुखवस्तू शहरी जीवनाचे दुखणे आहे, असा समज अजूनही आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीने तो खोटा ठरवला. तेथील सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे दिसून आले. पाहणी झालेले भिगवण हे शेतीवर जगणारे गाव होते, हे महत्त्वाचे.

याहून घातक समज म्हणजे ‘दुखते आहे, तर हालचाल नको’ हा. सांध्यातील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हालचालीमुळे फिरणाऱ्या द्रवातूनच तिचे पोषण होते. माणूस बसून राहिला की मांडीचे स्नायू दुबळे होतात, सांध्याचा आधार कमी होतो, वजन वाढते आणि दुखणे बळावते. वजन एक किलोने घटले तर चालताना गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अमेरिकेतील अभ्यासात २००५ मध्ये आढळले होते. व्यायाम करताना थोडे दुखणे म्हणजे सांध्याची हानी नव्हे. दुखणे सोसवेल इतके असावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत व्हावे, हा साधा निकष पाळला तरी पुरेसे असते.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून सुरू असलेला ‘ग्लॅड’ उपक्रम याच पायावर उभा आहे. माहितीची दोन सत्रे आणि देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रे, एवढाच त्याचा आराखडा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत झिजेच्या संधिवातासाठी व्यायामालाच अग्रस्थान दिले आणि विद्युत उपचार देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले. आपल्याकडे मात्र फिजिओथेरपी म्हणजे यंत्राचा शेक आणि ‘करंट’ अशीच अनेकांची समजूत आहे. दरवेळी पैसे मोजून यंत्राखाली पडून राहणारा रुग्ण घरी स्वतः करावयाचा व्यायाम शिकतच नाही.

सरकारी धोरणाचा कलही शस्त्रक्रियेकडेच आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आली, ते योग्यच झाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे छत्र मिळाले, हेही स्वागतार्ह. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण उपचार तिच्यात बसत नाहीत. खासगी विम्याचीही बहुधा हीच गत. म्हणजे गुडघा पूर्ण झिजल्यावर तो बदलण्यास पैसा आहे, पण ती वेळ लांबवू शकणाऱ्या बारा सत्रांस नाही! ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपीचा समावेश आहे. मात्र ज्याला बसची पायरी चढवत नाही, त्याने आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे कसे?

शस्त्रक्रिया अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. सांधा पार निकामी झालेल्यांना ती वरदानच ठरते. तिच्यानंतरही व्यायाम चुकत नाही. तसेच सांधा सुजून गरम होत असेल, सकाळचा आखडलेपणा तास-तासभर टिकत असेल किंवा ताप येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. आमवातात औषधे टाळून केवळ व्यायामावर विसंबणे सांध्यांना महागात पडते. उलट, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

उपाय खर्चिक नाही. महापालिकांचे दवाखाने आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट तेथे आला, दहा-बारा जणांच्या गटाला खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे, स्नायू बळकट करणे शिकवू लागला, तर मोठ्या यंत्रसामग्रीची गरज पडणार नाही. गटात व्यायामाचे सातत्य टिकते आणि एकटेपणही कमी होते. त्याच्या जोडीला चालण्याजोगे पदपथ आणि बसण्यास बाके हवीत. अन्यथा ‘रोज चाला’ हा सल्ला कागदावरच राहील.

फिजिओथेरपिस्टच्या नावाआधी काय असावे, याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तो वस्तीच्या दवाखान्यात कोणत्या वारी भेटेल, याचे उत्तर मात्र महापालिकांना पुढील अंदाजपत्रकातच देता येण्यासारखे आहे.