शिकाऊ हातांनाही मोल असते



आमच्या धाकट्या जाऊबाईंची नात पुण्यात जाहिरातीचे शिक्षण घेते. प्रवचनानंतर आम्ही बायका चार घटका बोलत थांबलो की हा विषय निघतोच. "सीए का नाही केलं तिने?" हा पहिला प्रश्न. "म्हणजे खोटं बोलायचं शिक्षण का हो?" हा दुसरा. आणि तिसरा जरा हळू आवाजात, "तिथे पैसे तरी देतात का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी तिथल्या तिथे देते. तिसरा प्रश्न मात्र खरोखर महत्त्वाचा आहे आणि तो हळू आवाजात विचारण्याचा नाही. म्हणून आजचा लेख.

आधी पहिला प्रश्न. सीए उत्तमच. पण आपल्या जालन्याचाच विचार करा. कोणत्याही रस्त्याने गावात शिरा, भिंतींवर सळयांच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात. कालिका, राजुरी, पोलाद ही नावे इथूनच महाराष्ट्रभर गेली. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालन्याचे बियाणे दूरदूरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. माल चांगला असावा लागतोच, पण तो चांगला आहे हे अनोळखी माणसाला पटेल असे सांगणारेही कोणी लागते. हे काम थिल्लर नाही. संगणकावर मराठी वाचताना आपण ज्याला मंगल फाँट म्हणतो, त्याची अक्षरे रचणारे प्रा. र. कृ. जोशी उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. सरकारी कचेरीतला साधा कागदसुद्धा त्यांच्या अक्षरांत छापला जातो.

आता दुसरा प्रश्न, खोटेपणाचा. जाहिरात शिकवतात तरी कशी, हे मी नातीकडूनच समजून घेतले. तिच्या वर्गाला एक पूर्ण मोहीम तयार करायची होती. मुलांनी मोबाइल घेतले, बूट घेतले, शीतपेये घेतली. तिने जालन्याची मोसंबी घेतली. अंबड, बदनापूर, घनसावंगी भागातले हे फळ. त्याला भौगोलिक मानांकन आहे. 2012-13 च्या दुष्काळात बागाच्या बागा वाळल्या आणि लोकांनी जळणासाठी झाडे तोडली, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

मला वाटले, ही आता छानसे घोषवाक्य लिहील आणि मोकळी होईल. पण घोषवाक्य सगळ्यात शेवटी येते म्हणे. आधी "ब्रीफ", म्हणजे काम देणाऱ्याची अडचण एका कागदावर मांडायची. मग लोकांना जाऊन विचारायचे. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन फळांच्या गाड्यांपाशी उभी राहिली, बागाईतदारांशी बोलली, आमच्या गल्लीतल्या बायकांना भेटली. तिचा प्रश्न एकच होता. मोसंबी शेवटची कधी आणली आणि कोणासाठी?

उत्तरे ऐकून ती घरी आली ती हसतच. जवळजवळ प्रत्येकीने आजारपण सांगितले. सासऱ्यांचे ऑपरेशन, मुलाचा टायफॉइड, नणंदेचे बाळंतपण. दवाखान्यात भेटायला जाताना जाळीच्या पिशवीत मोसंबी घ्यायची, ही आपली रीतच. पिशवी घेऊन घरी येताना दिसलात की शेजारीण विचारते, "कोण आजारी आहे गं?" फळ घरचे, जिल्ह्याचे, पण आपण त्याला आजाऱ्याच्या खाटेशी बांधून ठेवले आहे. माणूस बरा झाला की मोसंबी बंद!

यालाच जाहिरातीच्या धंद्यात "इनसाइट" म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सगळ्यांना ठाऊक असलेली, पण कोणी बोलून न दाखवलेली गोष्ट. तिच्या मोहिमेचे पहिले चित्र असे होते: घराच्या दाराच्या कडीला मोसंबीची पिशवी अडकवलेली, आणि खाली ओळ, "घरात सगळे ठणठणीत आहेत. मोसंबी सहज आणली."

पुढे कामाचा हिशेबी भाग होता आणि तो मला फार आवडला. आंबे बहराचे फळ पावसाळा सरता सरता येते, मृग बहराचे उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे पैसा वर्षभर न उधळता त्याच दोन हंगामांत लावायचा. टीव्ही परवडणार नाही, तेव्हा दुधाची केंद्रे, एसटी स्टँड आणि फळांच्या गाड्या. कुठे किती खर्च, किती लोक पाहणार, याचा तक्ता तिने माझ्यासमोर बसून केला. माझे बी.कॉम. इतक्या वर्षांनी कामी आले.

खोटेपणाचे म्हणाल तर तेही तिथेच कळले. तिने एका चित्राखाली "मोसंबी खा, आजार पळवा" असे लिहिले होते. शिक्षिकेने त्यावर लाल रेघ मारली. पुरावा दाखव, नाहीतर ओळ काढ! जाहिरात क्षेत्राने स्वतःवर नजर ठेवायला 1985 साली एएससीआय ही परिषद स्थापन केली, तिचे नियम मुलांना अभ्यासाला असतात. चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींविरुद्ध 1954 पासून कायदा आहे. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड ठेवला, पुन्हा केले तर 50 लाखांपर्यंत. कायदा असूनही खोट्या जाहिराती दिसतात, हे मान्य. पण भेसळ करणारे असतात म्हणून आपण किराणा दुकानालाच पाप म्हणत नाही.

चांगली जाहिरात खऱ्या हिशेबावर उभी असते. आपल्या तरुणपणची रसनाची जाहिरात आठवा. 5 रुपयांच्या पाकिटात 32 ग्लास. भागाकार करा, ग्लासाला 16 पैसेही पडत नाहीत. साखर आपली धरली तरी पाहुण्यांसाठी परवडणारे. आणि सर्फची ललिताजी? ती अलिक पदमसींना त्यांच्या आईवरून सुचली, असे त्यांनीच सांगितले आहे. भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करणारी ती बाई चांगल्या वस्तूला मात्र मोकळ्या हाताने पैसे मोजायची. स्वस्त काय आणि चांगले काय, यातला फरक तिला कळत होता. म्हणजे ज्या ज्ञानावर मोठमोठ्या मोहिमा उभ्या राहिल्या ते आपल्या स्वयंपाकघरातले आहे. ते शब्दांत मांडायला आपल्या मुली तिथे असायलाच हव्यात.

पण त्या तिथे टिकतील कशा? इथे तिसरा प्रश्न येतो.

पदवीच्या शेवटी नातीला पुण्यातल्या एका एजन्सीत तीन महिने शिकाऊ म्हणून घेतले. मोसंबीची मोहीम पाहूनच घेतले. एजन्सीचे नाव लिहीत नाही, कारण तिच्या मैत्रिणींचे अनुभवही असेच आहेत. पहिले पंधरा दिवस तिने एकच जाहिरात निरनिराळ्या मापांत बसवली. वर्तमानपत्राचे माप, होर्डिंगचे, मोबाइलचे, रिक्षाच्या पाठीचे. याला तिची तक्रार नाही. पोळ्या शिकताना आधी कणीकच मळावी लागते. एका ज्येष्ठ बाईंनी तिला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून पाहायला शिकवले, ते ती जन्मभर विसरणार नाही. "लोगो अजून मोठा करा" म्हणणाऱ्या क्लायंटसमोर शांत कसे बसावे, हेही शिकली. आवडती ओळ खोडली गेली की रडायचे नाही, दुसरी लिहायची, हेही.

पुढे मात्र काम वाढत गेले. दिवाळीच्या आधी रात्री दहा-साडेदहा रोजचे झाले. चोविहार करणारी मुलगी. सूर्यास्ताआधी डबा खायचा तर जिन्यात बसून दहा मिनिटांत उरकायचा, कारण जागेवरून उठले की नजरा वळतात. एका फराळाच्या जाहिरातीतली तिची ओळ जशीच्या तशी छापून आली. आम्ही कात्रण जपून ठेवले आहे. त्या तीन महिन्यांचे तिला मिळाले काय? एक प्रमाणपत्र.

आता खर्च लिहिते. कॉट बेसिसची खोली 8,000, कांदा-लसूण नसलेला डबा 3,500, जाणे-येणे 1,500. महिन्याला 13,000, तीन महिन्यांचे 39,000 रुपये. हे तिच्या वडिलांनी भरले. तिने केलेले काम एजन्सीने क्लायंटला विकले. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात अशा कष्टाला प्रत्यक्ष मजुरी म्हणत आणि ती खर्चाच्या बाजूला लिहावीच लागे. इथे ती लिहिली गेली, पण जालन्यातल्या एका कापड दुकानदाराच्या वहीत.

"आम्ही शिकवतो, मग पैसे कसले?" असे यावर सांगतात. आपल्या समाजात हे कोणी सांगू नये, कारण आपल्या दर दोन घरांत एक सीए आहे. आर्टिकलशिप करणारा मुलगाही शिकतच असतो. तरी त्याला किमान किती विद्यावेतन द्यायचे ते सीए संस्थेने नियमाने ठरवले आहे. रक्कम लहान असेल, पण ती देणे हा उपकार नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलांनाही इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन असते. मग चित्र काढणाऱ्या, ओळ लिहिणाऱ्या मुलीचेच कष्ट फुकट का? आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीतच प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे अशी मुले वाढत जाणार, आणि फुकटचे हात मिळण्याची सोयही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतले दोन आठवा. अतिभारारोपण, म्हणजे आश्रितावर झेपणार नाही इतके ओझे घालणे. अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचे खाणेपिणे अडवणे. आपण हे बैलाच्या आणि घोड्याच्या उदाहरणाने शिकलो. पण रात्री साडेदहापर्यंत बसवलेली, जिन्यात डबा उरकणारी, पदरचे पैसे घालून राबणारी मुलगी यात बसत नाही का? मला तरी वाटते, बसते.

यात नुकसान एकट्या मुलीचे होत नाही. ज्यांचे घर मुंबई-पुण्यात आहे त्यांना तीन महिने फुकट काम परवडते. जालन्याच्या, परभणीच्या, हिंगोलीच्या मुलीला परवडत नाही. ती पहिल्याच पायरीवरून परत येते आणि मिळेल ती नोकरी धरते. मग आपल्या भागाच्या जाहिराती आपला भाग न पाहिलेले लोक करतात. गावची बाई दाखवायची म्हटली की डोक्यावर घागर आणि नाकात नथ! पिशवी पाहून "कोण आजारी आहे गं" विचारणारी शेजारीण त्यांना कुठून माहीत असणार?

म्हणून मैत्रिणींनो, माझे म्हणणे तीन गोष्टींत सांगते.

मुलगी या शिक्षणाला जाते म्हणाली तर "हे काय भलतंच" म्हणून अडवू नका. पण शिकाऊ म्हणून जाताना विद्यावेतन किती, वेळ किती ते किती, आणि केलेले काम स्वतःच्या नावाने दाखवता येईल का, हे लेखी विचारायला तिला शिकवा. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. सोयरीक जुळवताना आपण शंभर प्रश्न विचारतोच ना?

समाजाची वसतिगृहे पुण्या-मुंबईत आहेत. वर्षभर शिकणाऱ्या मुलांसाठी ती मोठाच आधार आहेत. दोन-तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी येणाऱ्या मुलींना तिथे चार खाटा राखता येतील. हा विषय महिला मंडळाच्या बैठकीत काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या घरात आहे. सळया, बियाणे, डाळ मिल, सोने-चांदी, कापड, आपल्यातल्या कितीतरी घरांतून एजन्सींना काम जाते. काम देणारा अट घालू शकतो. कारखान्यात माल घेताना आपण वजन तपासतो, तसे हेही तपासायचे. पुढच्या वेळी जेवताना मालक म्हणाले, की नवी जाहिरात तयार होऊन आली आहे, बघ जरा कशी वाटते, तर रंग-चित्र अवश्य बघा. पण त्याआधी एवढे विचारा, "ही करणाऱ्या पोरांना पैसे दिलेत का त्यांनी?"