याचनेने नव्हे, सामर्थ्याने

१९४५ साली ५१ देशांनी संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना केली. आज सदस्यसंख्या १९३ आहे. साम्राज्ये लयाला गेली, सोव्हिएत संघ कोसळला; परंतु सुरक्षा परिषदेतील पाच स्थायी आसने दुसऱ्या महायुद्धातील विजेत्यांच्या वारशानेच चालत आली. १९६५मध्ये परिषद ११ वरून १५ सदस्यांची झाली, तीही केवळ अस्थायी जागा वाढवून.

या विषम रचनेचे कटू फळ भारताने चाखले आहे. मसूद अझहरला आंतरराष्ट्रीय दहशतवादी ठरविण्याचा प्रस्ताव परिषदेच्या समितीत चीनने वर्षानुवर्षे अडवून धरला. पुलवामातील ४० जवानांच्या बलिदानानंतर, १ मे २०१९ रोजी, तो अडसर दूर झाला. १९७१च्या डिसेंबरात बांगलादेशमुक्तीच्या निर्णायक दिवसांत अवेळी युद्धबंदीचे संकट टळले, तेही सोव्हिएत नकाराधिकारामुळे. न्याय आपल्या बाजूला होता. पण तो राखण्यासाठी भिस्त मात्र दुसऱ्यावर ठेवावी लागली.

सुधारणेचा मार्ग मुद्दामच बिकट ठेवलेला आहे. सनदेच्या १०८व्या कलमानुसार कोणत्याही दुरुस्तीला आमसभेतील दोनतृतीयांश मते हवीत, शिवाय पाचही स्थायी सदस्यांची संमती हवी. कुलपाची किल्ली ज्यांच्या हाती, त्यांनाच दार उघडण्याची विनंती करायची! २००५मध्ये भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांनी नवा नकाराधिकार १५ वर्षे न वापरण्याची तयारी दर्शविली. तरीही प्रस्ताव मतदानापर्यंत पोहोचला नाही. एवढी माघार घेऊनही पदरी काही पडले नाही, हे विसरता कामा नये.

चीनचे उदाहरण बोलके आहे. सनदेच्या २३व्या कलमात आजही ‘रिपब्लिक ऑफ चायना’ हेच नाव छापलेले आहे. तरी १९७१च्या ऑक्टोबरात ते आसन बीजिंगकडे गेले. सनदेतील अक्षरही बदलले नाही, बदलले ते जगातील शक्तीचे गणित. १९६४च्या अणुचाचणीनंतर चीनला दूर ठेवणे जगाला परवडेनासे झाले होते.

भारत आठ वेळा अस्थायी सदस्य झाला. दोन लाखांहून अधिक भारतीयांनी शांतिसेनेत सेवा बजावली. हा गौरव खराच. परंतु सेवेची पावती म्हणून सत्ता कोणी देत नाही. बलवान अर्थव्यवस्था, संरक्षणसिद्धतेत स्वावलंबन, शेजाऱ्यांचा विश्वास आणि एकात्म समाज हीच त्या आसनाची खरी सनद होय. मागणी अवश्य चालू ठेवावी. मात्र तिच्यामागे राष्ट्राचे पुरुषार्थी सामर्थ्य उभे असावे. ते उभे करण्याचे काम न्यूयॉर्कमध्ये नव्हे, येथेच व्हावयाचे आहे.