चुकीचा माग

‘माग’ हा आपल्या भाषेतील एक अर्थपूर्ण शब्द आहे. चोर निघून जातो, पाऊल उरते. त्या पावलांवरून उलट चालत जाणे म्हणजे माग काढणे. संगणकाच्या जगात नेमकी याच कामाची एक सोय आहे. तिला ‘स्टॅक ट्रेस’ म्हणतात. स्टॅक म्हणजे चळत आणि ट्रेस म्हणजे माग. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या कित्येक घरांतील मुलेमुली आज संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात आहेत; त्यांच्या तोंडी हा शब्द नित्याचा असतो. घरातील वडीलधाऱ्यांनीही तो समजून घ्यावा असे आम्हांस वाटते. कारण येथे प्रश्न यंत्राचा थोडा, आणि चूक घडल्यावर तिची हकीकत कशी लिहावी याचा अधिक आहे.

आज्ञावली ही अनेक लहान कामांत विभागलेली असते. समजा, शाळेची गुणपत्रके छापावयाची आहेत. ‘गुणपत्रक छाप’ हे काम ‘सरासरी काढ’ या कामास हाक मारते, आणि ते ‘भागाकार कर’ यास. प्रत्येक हाकेसरशी, परत कोठे यावयाचे याची नोंद संगणक एकावर एक रचीत जातो. काम संपले की वरची नोंद निघून जाते. ही झाली चळत. आता विषयांची संख्या शून्य आली तर शून्याने भागणे अशक्य, म्हणून यंत्र तेथेच थांबते व ‘एक्सेप्शन’, म्हणजे अपवाद, उपस्थित करते. त्या क्षणी चळतीवर असलेल्या नोंदी, कामाचे नाव, फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक यांसह, वाचून दाखविल्या जातात. जावा या भाषेत शेवटची हाक सर्वांत वर छापली जाते, तर पायथन या भाषेत ती सर्वांत खाली असते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. शून्य ही संख्या मुळात ‘विषय मोज’ या कामाने दिली होती. परंतु ते काम आपले उत्तर देऊन केव्हाच मोकळे झाले, त्याची नोंदही चळतीवरून निघून गेली. म्हणून मागामध्ये त्याचे नाव येतच नाही. नाव येते ते बिचाऱ्या ‘भागाकार कर’चे. घडा कोठे फुटला एवढेच माग सांगतो. त्यास तडा कोठे गेला हे शोधणाऱ्यानेच शोधावे लागते. माग हा पंचनामा आहे, निकाल नव्हे.

आता प्रश्न असा की, हा पंचनामा बदलता येतो काय? येतो. जावामध्ये अपवादाची वस्तू ज्या ठिकाणी निर्माण होते तेथेच तिचा माग भरला जातो. ती पुढे कोठून फेकली जाते यास महत्त्व नसते. एकदा निर्माण करून ठेवलेला अपवाद पुनःपुन्हा वापरला, तर प्रत्येक वेळी तोच शिळा पत्ता दिसतो. ‘फिल-इन-स्टॅक-ट्रेस’ या आज्ञेने माग नव्याने भरता येतो, पण मग जुना पुसला जातो. 2002 साली आलेल्या जावाच्या 1.4 या आवृत्तीत ‘सेट-स्टॅक-ट्रेस’ ही आज्ञा आली. तिने हवा तो माग अपवादास चिकटविता येतो; मग त्यातील नावे व ओळी खऱ्या असोत वा नसोत.

अशी मुभा का दिली असावी, असे कोणासही वाटेल. तीस सबळ कारणे आहेत. काम एका यंत्रावर आणि हाक दुसऱ्या यंत्रावरून आलेली, असे असता दोन्हीकडील माग जोडल्यावाचून हकीकत पुरी होत नाही. जिंजा नावाच्या साधनात लेखक एक साचा लिहितो आणि यंत्र त्याची पायथनमध्ये आज्ञावली करते. चूक झाली तर लेखकास त्या यंत्रकृत आज्ञावलीतील ओळ दाखवून काय उपयोग? त्यास त्याच्या साच्यातील ओळ दाखवावयास हवी. पायथनच्या 3.7 या आवृत्तीत, 2018 साली, माग स्वतः निर्माण करण्याची व त्यांचे दुवे बदलण्याची सोय झाली, ती अशाच कामांना उपयोगी पडते. हा बदल वाचणाऱ्यास सत्याच्या जवळ नेतो, म्हणून तो योग्य होय.

याच्या उलटही घडते. खालून आलेला अपवाद पकडावयाचा आणि ‘गुणपत्रक तयार झाले नाही’ असा नवा, गुळगुळीत अपवाद वर पाठवावयाचा. नव्याचा माग नव्या जागेपासून सुरू होतो. भागाकाराचा मागमूसही उरत नाही. यावर उपाय म्हणून जावाच्या त्याच 1.4 आवृत्तीपासून नव्या अपवादास मूळ कारण जोडता येते. मात्र लिहिणाऱ्याने ते जोडले पाहिजे. पायथनच्या तिसऱ्या पिढीत जुना अपवाद नव्यास आपोआप जोडला जातो. तो छापावयाचा नसेल तर 3.3 या आवृत्तीपासून तशी आज्ञा देता येते. पण तेव्हाही तो नष्ट होत नाही, केवळ दृष्टीआड होतो. झाकणे आणि पुसणे यांतील हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. संकेतस्थळावर आलेल्या परक्या ग्राहकास आतील फाइलींची नावे दाखवू नयेत, हे रास्तच आहे. परंतु दप्तरी पूर्ण माग राहिलाच पाहिजे.

2022 साली पायथनच्या 3.11 या आवृत्तीत आणखी एक साधी सोय आली. ‘ॲड-नोट’ या आज्ञेने अपवादास टीप जोडता येते: ‘ही चूक अमुक इयत्तेचे गुणपत्रक करताना घडली.’ मूळ मागास हात लागत नाही. आमच्या शाळाखात्याच्या भाषेत सांगावयाचे तर, नोंद तशीच ठेवून समासात शेरा लिहावयाचा.

चूक कोणत्या वाटेने आली हे ठाऊक असल्यावाचून ती सुधारता येत नाही. गणितात नुसते उत्तर न पाहता रीत पाहण्याचा आग्रह शिक्षक धरतो तो यासाठीच. परंतु मागात ज्याचे नाव शेवटी आले तोच अपराधी, असे ठरविण्याची घाई झाली की, पुढच्या वेळी जो तो आपले नाव पुसण्याचीच सोय पाहतो. कचेरीत, शाळेत आणि घरातही हेच घडते. ज्या घरात फुटलेल्या कपाची खरी हकीकत मूल निर्भयपणे सांगू शकते, त्या घरात माग बदलावा लागत नाही. संगणकाने ही हकीकत जपण्याची साधने दिली आहेत. ती जपू देणारे मन मात्र आपणच घडवावयाचे आहे.