लाँगशॉ : वर्गणीतून मोकळ्या झालेल्या पाऊलवाटा

१/ शेफिल्ड या इंग्लंडमधील पोलादनगरीच्या नैर्ऋत्येस लाँगशॉ नावाची एक जुनी जहागीर आहे. सुटीच्या दिवशी तेथे लहानथोरांची रीघ लागते. बरबेज ओढ्याच्या काठाने वाट निघते. प्रथम उघडा माळ लागतो, मग ओक आणि बर्च वृक्षांची सावली, आणि शेवटी पॅडली नावाची खोल घळ. घळीत ओढा शेवाळलेल्या शिळांवरून उड्या घेत डरवेंट नदीकडे जातो. या वाटा जणू अनादी काळापासून सर्वांसाठी खुल्या आहेत, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

२/ आधी माळाविषयी. येथील माळरानावर हीदर नावाचे बुटके झुडूप दाट माजते आणि ऑगस्टमध्ये सारा उतार जांभळा होतो. चित्रांत आणि पर्यटनाच्या पत्रकांत या दृश्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु हा माळ मनुष्याने घडवलेला आहे. हजारो वर्षांपूर्वीपासून येथील रान तोडले गेले, पुढे मेंढ्यांच्या चराईने आणि ठरावीक काळाने लावलेल्या वणव्यांनी झाडांना पुन्हा डोके वर काढू दिले नाही. मूळचे ओक-बर्चचे रान कसे असेल, याची कल्पना पॅडलीच्या घळीतच येते. 

३/ ओढ्यालगतच्या रानात जात्याचे गोल दगड शेवाळ पांघरून पडलेले दिसतात. कोणी पूर्ण घडवलेले, कोणी अर्धवट. हे दगड येथेच खाणीतून काढून घडवले जात. पांढऱ्याशुभ्र पिठाची आवड वाढली, तेव्हा करडे पीठ देणाऱ्या या दगडांना गिऱ्हाईक उरले नाही आणि पाथरवटांनी ते जागीच सोडले. पुढे याच भागातील बोल हिलच्या खाणीतून डरवेंट खोऱ्यातील दोन मोठ्या धरणांना दगड गेला. म्हणजे ज्याला आज ‘एकांत’ म्हणतात, तेथे एके काळी छिन्नी-हातोड्यांचा अखंड आवाज होता.

४/ लोकांचा वावरही जुनाच. जहागिरीच्या परिसरात १७०९ सालचा एक वाटदर्शक दगडी खांब उभा आहे. त्याच्या चार बाजूंवर आसपासच्या बाजारगावांची नावे कोरलेली आहेत. डर्बीशरमधील अशा खांबांची एक गंमत अशी की, नाव वाचायचे आणि उजव्या हाताला वळायचे. हे ज्याला ठाऊक नाही, तो नेमका चुकीच्या गावाला पोहोचणार! आपल्याकडे लमाणांचे तांडे मीठ-धान्य घेऊन घाट चढत, तसे येथे ओझ्याच्या घोड्यांचे तांडे हा माळ ओलांडत. माळाला तेव्हा कुंपण नव्हते.

५/ कुंपण आले ते कायद्याने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ब्रिटिश संसदेने गावोगावच्या सामायिक जमिनी खासगी मालकीत वाटून देणारे कायदे एकामागून एक संमत केले. गावाचे गायरान एका सकाळी जमीनदाराच्या नावावर चढावे, असा तो प्रकार. या भागातील विस्तीर्ण माळ रटलंडच्या ड्यूकच्या हाती आले. त्याचे मुख्य ठाणे लिस्टरशरमधील किल्ला. (त्याचे नाव लिहितात बेल्व्हॉयर आणि उच्चारतात बीव्हर, इंग्रजीची ही नेहमीची खोड.) लाँगशॉ येथे १८२७ च्या सुमारास शिकारीसाठी एक कोठी बांधली गेली. वर्षातले काही आठवडे ग्राउस पक्ष्यांची शिकार आणि उरलेले वर्ष राखणदारांचा पहारा, असा तेथला क्रम होता.

६/ पलीकडे शेफिल्डच्या भट्ट्यांचा धूर दाटत चालला होता. १८९० च्या दशकात डोंगराच्या पोटातून साडेपाच किलोमीटरहून लांब टॉटली बोगदा खोदून पूर्ण झाला आणि आगगाडी थेट पॅडलीच्या पायथ्याशी येऊ लागली. कामगाराला रविवारी स्वच्छ हवा गाठता येऊ लागली. पण ती हवा ज्या माळावर होती, तेथे पाऊल ठेवणे गुन्ह्यासारखे मानले जाई. पोलादाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बर्ट वॉर्डने १९०० मध्ये शेफिल्ड क्लॅरियन रॅम्बलर्स हा पदभ्रमण संघ काढला. जुन्या वाटांचे पुरावे शोधणे आणि त्या वाटांवरून चालणे, हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. १९२३ मध्ये त्याच्यावर किंडरच्या माळासंबंधी न्यायालयाचा मनाई हुकूम बजावला गेला.

७/ १९२५ मध्ये आठवा ड्यूक निवर्तला. महायुद्धानंतरच्या त्या काळात वारसाकराच्या ओझ्याखाली इंग्लंडमधील मोठमोठ्या जहागिऱ्या विक्रीला निघत होत्या. १९२७ मध्ये लाँगशॉही निघाली. (नव्या ड्यूकने आपले सारे लक्ष हॅडन हॉल या वडिलोपार्जित वाड्याच्या जीर्णोद्धारात घातले. आवड ज्याची त्याची.) शहराच्या इतक्या जवळची जमीन बाजारात आल्यावर तिचे तुकडे पडून बंगले उठणार, ही भीती अवास्तव नव्हती.

८/ येथे एथेल गॅलिमोर या स्त्रीचे कार्य येते. शेफिल्डमधील धनाढ्य उद्योगपती टी. डब्ल्यू. वॉर्ड यांची ही कन्या. पहिल्या महायुद्धात घोडे सैन्यात गेल्यावर ज्या कंपनीने शेफिल्डच्या रस्त्यांवर ओझी ओढण्यासाठी लिझी नावाची हत्तीण आणली, ती कंपनी यांचीच. १९१७ मध्ये एथेलचा पती युद्धात मारला गेला. त्या दुःखातून तिला सावरले ते या माळांवरील भटकंतीने. १९२४ मध्ये तिने ग्रामीण निसर्गसौंदर्याच्या रक्षणासाठी संस्था स्थापली आणि लाँगशॉ विक्रीला निघताच वर्गणीचे आवाहन केले. पैसा जमला, ७४७ एकर जमीन विकत घेतली गेली आणि १९३१ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन झाली. शेजारचे बरबेजचे माळ शेफिल्डच्या नगरपालिकेने घेतले.

९/ इतिहासाच्या लोकप्रिय कथनात मात्र मान मिळतो तो पुढच्या वर्षाला. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० तरुण किंडर स्काउटच्या माळात शिरले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचे कारावास झाले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांतलाच. त्या धाडसाचे महत्त्व कोणी नाकारू नये. परंतु ‘इंग्लंडचे माळ किंडरने उघडले’ हे वाक्य जेव्हा सरसकट उच्चारले जाते, तेव्हा लाँगशॉच्या वर्गणीदारांवर अन्याय होतो. तुरुंगाची कथा सांगायला सोपी असते. पत्रके वाटण्याची, सभांची आणि हिशेबवह्यांची कथा कोणी सांगत नाही.

१०/ यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. जे माळ मुळात लोकांचे होते, तेच लोकांनी पैसे मोजून परत का घ्यावेत? चोरीचा माल चोराकडूनच विकत घेण्यासारखे हे नाही का? न्यायाच्या तराजूत हा आक्षेप खरा उतरतो. शिवाय खरेदीचा मार्ग विक्रेत्याच्या मर्जीवर चालतो. किंडरचे मालक तेव्हा विकायला तयार नव्हते, आणि प्रत्येक गावाजवळ वर्गणी देणारे श्रीमंत शहरही नसते. कायद्याशिवाय गत्यंतर नव्हते, हे एथेललाही उमगले होते. राष्ट्रीय उद्यानांसाठी तिने पुढे दीर्घकाळ खटपट केली आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

११/ तरीही लाँगशॉच्या वर्गणीचे मोल कायद्याने कमी होत नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्याच शब्दांत आहे. मुक्त संचाराचा हक्क देणारा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये सन २००० मध्ये संमत झाला. त्यात डोंगर, मूर म्हणजे उंचावरचे ओलसर माळ, हीदरची माळराने, गवताळ टेकड्या आणि नोंदलेली सामायिक जमीन यांचा समावेश आहे. रान नाही. ओढ्याचा काठ नाही. मालकाने स्वेच्छेने खुले केले किंवा आधीपासून हक्काची वाट असली, तरच तेथे जाता येते. माळाचा हक्क संसदेने दिला. झाडांच्या सावलीचा आणि वाहत्या पाण्याचा दिला नाही.

१२/ म्हणूनच लाँगशॉतील दोन-तीन तासांच्या चालीत मनुष्य नकळत एक सीमा ओलांडतो. वर हीदरच्या माळावर चालताना त्याच्या पाठीशी कायदा असतो. खाली ओकच्या रानात, लाल मुंग्यांची मोठाली वारुळे टाळत तो पाण्याकडे वळतो, तेव्हा त्याच्या पाठीशी मुख्यतः खरेदीखत असते. त्या वळणावर त्याला कोणी अडवत नाही. इंग्लंडमधील असंख्य खासगी जहागिऱ्यांत मात्र याच ठिकाणी काटेरी तार लागते.

१३/ १९३२ च्या घटनेला ७० वर्षे झाली, तेव्हा २००२ मध्ये डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. किंडर स्काउटचा माळ त्याच्या वीस वर्षे आधीच, १९८२ मध्ये, नॅशनल ट्रस्टकडे आला होता. तोही अखेर विकतच घ्यावा लागला.