अध्यक्षांच्या डावीकडे

परवा रात्री एका वाहिनीवरची चर्चा मी अर्ध्यावर बंद केली. या चर्चांपासून मी लांब असतो हे सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, पण विषय मुंबई-गोवा महामार्गाचा होता म्हणून बसलो. विरोधी पक्षाच्या एका आमदारानं साधा प्रश्न विचारला होता. राहिलेलं काम कोणत्या महिन्यात पुरं होणार आणि तोवर खड्डे बुजवायची जबाबदारी कुणाची? सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "तुमचं सरकार होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?" मग आमदारांनी आपल्या काळाचा हिशेब मांडला, प्रवक्त्यांनी त्याच्याही आधीचा काढला, आवाज चढले, वेळ संपली. महिना कोणता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"तुमच्या काळात काय झालं" या उत्तराची मला मनापासून चीड आहे. ते खोटं असतं असं नाही. बऱ्याचदा ते खरंच असतं, आणि म्हणून जास्त त्रास देतं. पळस्पे ते इंदापूर हा या महामार्गाचा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत काँग्रेस आघाडीचं राज्य होतं. २०१४ मध्ये भाजप आणि शिवसेना आले, २०१९ मध्ये महाविकास आघाडी, २०२२ मध्ये महायुती. म्हणजे राज्यातला प्रत्येक मोठा पक्ष या काळात कधी ना कधी सत्तेत होता आणि कधी ना कधी विरोधात. त्यात पहिला टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या पुढचा रस्ता राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. मुंबईत विचारलं तर दिल्लीकडे बोट, दिल्लीत विचारलं तर मुंबईकडे.

पण प्रश्न त्या आमदाराचा नव्हताच. तो कोकणातल्या माणसांचा होता. आमदारानं तो वाहून आणला होता, आणि आणणाऱ्याचे हात कसेही असले तरी आणलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायलाच हवं. सत्तेत असताना त्यानं काही केलं नसेल तर त्याचा जाब मतदार घेतील. त्यानं काही केलं नाही म्हणून आज माणगावच्या कोंडीत अडकलेल्या बाईला उत्तर द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

त्या बाई मला खरोखरच भेटल्या आहेत. गणपतीच्या आदल्या दिवशीची एसटी, बाहेर पाऊस, माणगावच्या अलीकडे गाड्यांची रांग. शेजारच्या सीटवर साठीच्या पुढच्या एक बाई, मांडीवर नातू, पायाशी पूजेच्या सामानाची पिशवी. पोरगं रडून रडून झोपलं होतं. वाहकाला त्यांनी अनेकदा विचारलं, "भाऊ, किती वेळ लागेल?" तो बिचारा काय सांगणार! शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. "दरवर्षी सांगतात, पुढच्या गणपतीला रस्ता होईल. आमचे हे असताना पण हेच सांगायचे. हे गेले त्याला किती वर्षं झाली." आवाजात राग नव्हता. मला त्या राग नसण्याचंच वाईट वाटलं. माणसं रागावायची थांबली की सरकारला फार सोपं जातं.

माझ्या मामाला छातीत दुखू लागलं तेव्हा राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून त्याला गाडीत घालून रत्नागिरीला न्यावं लागलं होतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या वेळी डॉक्टर हजर नव्हते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मामी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवत होती. मामा वाचला. पण तेव्हापासून रस्ता आणि दवाखाना या दोन गोष्टी मला वेगळ्या मोजता येत नाहीत.

आणि काम करायचं ठरवलं तर होतं, हे याच महामार्गावर आपण पाहिलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट वाहून गेली. विधिमंडळाचं अधिवेशन तेव्हा चालू होतं. विरोधकांनी जाब विचारला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती हे बाहेर आलं. त्यानंतर त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. अभियंते तेच, खातं तेच, पाऊस तोच. फरक एवढाच होता की सारा महाराष्ट्र त्या पुलाकडे बघत होता आणि विचारत होता. उरलेल्या रस्त्याकडे तसं कुणी सलग बघत राहिलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचा बांधकाम चालू असलेला भाग पडला तेव्हा चार दिवस बातम्या आल्या, आणि पुन्हा सारं शांत.

मुद्दा सलग विचारण्याचा आहे. आणि तो आला की मला मधु दंडवत्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. १९७१ मध्ये ते राजापूरमधून लोकसभेत गेले. बॅरिस्टर नाथ पै यांचा तो मतदारसंघ, नाथ पै त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. तिथून दंडवते लागोपाठ पाच वेळा निवडून आले. त्यातला बहुतेक काळ ते अध्यक्षांच्या डावीकडे, म्हणजे विरोधी बाकांवर होते. कोकणात रेल्वे का नाही, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. ते आकडे घेऊन उभे राहत आणि शिक्षकासारखे शांतपणे बोलत.

१९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. सरकारनं तो मोडून काढला, हजारो कामगारांना कामावरून काढून टाकलं. दंडवते तेव्हा विरोधात होते, कामगारांच्या बाजूनं होते. पुढच्या वर्षी आणीबाणी आली आणि ते बंगळूरच्या तुरुंगात गेले. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि संपात काढून टाकलेले कामगार त्यांनी परत कामावर घेतले. विरोधी बाकावरून मागितलेली गोष्ट मंत्र्याच्या खुर्चीत बसल्यावर आठवणीनं केली.

दुसरं काम त्यांनी केलं ते रेल्वेतल्या बाकांचं. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर उघड्या लाकडी फळ्या होत्या. त्यांच्यावर त्यांनी दोन इंच जाडीची फोमची गादी बसवायला लावली. पहिल्या वर्गाची सोय काढून घ्यायची नाही, दुसऱ्या वर्गाची वाढवायची, अशी त्यांची भूमिका होती. माझ्या वडिलांची बदली नागपूरला झाली होती, त्यामुळे घरी लाकडी फळीची वर्णनं आम्ही लहानपणापासून ऐकली. सतरंजीची चौपदरी घडी घातली तरी सकाळी कंबर धरूनच उतरायचं. पहिल्यांदा गादीच्या फळीवर झोपून ते घरी आले तेव्हा त्यांनी आईला सगळ्यात आधी तेच सांगितलं, बाकी सगळं नंतर. आज देशातले लाखो लोक रात्री त्या गादीवर झोपतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना त्यामागच्या माणसाचं नाव माहीत असतं. शाळेच्या पुस्तकात ते नाव असावं असं मला तळमळीनं वाटतं.

कोकण रेल्वेला मात्र आणखी वेळ लागला. जनता सरकार टिकलं नाही, दंडवते पुन्हा डावीकडच्या बाकावर गेले आणि पुन्हा विचारू लागले. रोह्यापर्यंत रूळ आले ते १९८६ मध्ये. १९८९ च्या शेवटी विश्वनाथ प्रताप सिंग यांचं सरकार आलं, त्यात फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. एक मूळचा मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार; मार्गावरची दोन ठिकाणं जणू एकाच मंत्रिमंडळात बसली होती. निधीचा अडसर त्यांनी वेगळ्या वाटेनं काढला. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. भांडवलात केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला बराचसा पैसा रोख्यांतून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या हाती काम दिलं. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर हा सारा मार्ग खुला झाला. मधल्या काळात, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते त्याच राजापुरात हरले होते. गाडी धावली तेव्हा ते खासदार नव्हते.

मृणाल गोरे त्याच समाजवादी घरातल्या. गोरेगावच्या वस्त्यांतल्या बायकांसाठी त्या नळाच्या पाण्याच्या मागे लागून राहिल्या आणि लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या तरी नाव तेच राहिलं. एखाद्या पुढाऱ्याला लोक त्याच्या प्रश्नाच्या नावानं ओळखतात, याहून मोठी पदवी मला माहीत नाही. आज विरोधी बाकावरच्या किती जणांना असं नाव देता येईल? आणि किती जण सत्तेच्या बाकावर जाताना आपला प्रश्न बरोबर घेऊन गेले? पक्ष बदलून गेलेल्यांनाही मी हेच विचारतो. माणूस उजवीकडे गेला तर जाऊ दे, त्यानं प्रश्न डावीकडे का ठेवला?

सध्या त्या डाव्या बाजूची ताकदही कमी आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी २९ जागा, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी धरल्या जाणाऱ्या एक दशांश, विरोधातल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत. शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाला २०, काँग्रेसला १६, राष्ट्रवादी शरद पवार पक्षाला १०. २०२५ चं पावसाळी अधिवेशन विधानसभेत विरोधी पक्षनेत्याशिवाय झालं. एक दशांश जागांची अट कायद्यात लिहिलेली नाही, तो प्रथेचा भाग आहे, असं विरोधक म्हणतात आणि मला ते पटतं. विरोधी पक्षनेता हा विरोधकांचा लाड नव्हे. माणगावच्या कोंडीत बसलेल्या बाईंचा सभागृहातला हक्काचा आवाज तो. पण पद नाही म्हणून काम थांबवायचं कारणही नाही. तारांकित प्रश्न विचारायला, लक्षवेधी मांडायला, अर्ध्या तासाची चर्चा मागायला साधं आमदार असणं पुरतं. अभ्यास मात्र लागतो, आणि कॅमेऱ्यासमोर पायऱ्यांवर फलक धरून तो होत नाही.

म्हणून मी या आठवड्यात बसून महामार्गाबद्दलचे प्रश्न काढले आहेत. राहिलेला प्रत्येक तुकडा कुठून कुठपर्यंत आहे? तो कोणत्या ठेकेदाराकडे आहे आणि मूळ मुदत कोणती होती? मुदत किती वेळा वाढवली, कुणाच्या सहीनं? दंड आकारला का, वसूल झाला का? भूसंपादन कुठे अडलं आहे आणि कुणाचा मोबदला थकला आहे? पावसाआधी पाहणी कोणत्या अधिकाऱ्यानं केली आणि अहवालात काय लिहिलं? अपघात झाला तर जवळचं शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथे रात्री डॉक्टर असतो का?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सगळ्या आमदारांना, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, मी हे सोमवारी टपालानं पाठवतो आहे. वाचकांपैकी ज्यांना आपल्या गावाजवळचा तुकडा नेमका माहीत आहे त्यांनी किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि शक्य असल्यास फोटो वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवावा. शुक्रवारपर्यंत आलेली माहिती मी यादीला जोडतो. उत्तर कुणाकडून आलं आणि कुणाकडून आलं नाही, ते नावानिशी इथेच छापेन.