पंप बंद कोण करणार?

दिवाळीत गावी गेलो होतो. दादाच्या मळ्यात सौर पंप बसलाय, पाच एचपीचा. (दादा, तू हे वाचून फोन करणार हे माहीत असूनही लिहितोय.) 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला. दहा टक्के आपले, बाकीचं सरकार बघतं. आधी डिझेल इंजिन होतं. त्याचं हँडल मारताना एकदा माझा हात चांगलाच सोलवटला होता, त्यामुळे ते गेल्याचं मला तरी दुःख नाही. कॅन घेऊन पेट्रोल पंपावर खेपा घालणंही संपलं.

पण कांद्याला पाणी देऊन झालं तरी पंप सुरूच. वाफे तुडुंब, पाणी ओढ्याकडे चाललेलं. विचारलं तर म्हणाला, "ऊन फुकट, विहीर आपली. बंद कशाला करू?"

बोलणं चुकीचं नाही हो. डिझेल जाळताना दर तासाला खिशाला चटका बसायचा, म्हणून इंजिन वेळेवर बंद व्हायचं. चटका गेला. विहीर मात्र तीच, मार्चमध्ये तळ दाखवणारी.

तेव्हापासून डोक्यात ढुंडी घोळतंय. गुजरातेत खेडा जिल्ह्यातलं हे छोटं गाव. ज्या जिल्ह्यात १९४६ साली अमूलची सुरुवात झाली, तोच हा जिल्हा. तिथल्या सहा डिझेलवाल्या शेतकऱ्यांनी सौर पंप घेतले आणि सहकारी संस्था काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने त्यांना मदत केली, पॅनेलचा बराचसा खर्चही उचलला. २०१६ पासून ते पाणी देऊन उरलेली वीज वीज कंपनीला विकू लागले. करार पंचवीस वर्षांचा, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. सहाही पंप आपसात तारांनी जोडलेले, त्यामुळे कंपनीला सहा मीटर वाचायची गरज नाही, एकच. बदल्यात या शेतकऱ्यांनी तितकी वर्षं सवलतीची वीजजोडणी मागायचा हक्क सोडला.

मला यातली खरी गंमत वाटते ती ही, की फुकटच्या उन्हाला किंमत आली. पंप विनाकारण चालवला तर तेवढे युनिट हातचे जातात. म्हणजे डिझेलचा चटका परत आला, पण उलट बाजूने. आता पंप बंद केला की पैसे मिळतात. पाणी वाचवा म्हणून कुणी भाषण ठोकायला नको.

आपल्याकडे मिळणारे पंप मात्र सुटे आहेत, तारेला न जोडलेले. पीक भिजलं की त्या पॅनेलवर पडणारं ऊन वाया, नाहीतर विहिरीवर उपसा. डिझेल वाचवायला निघालो आणि पाणी संपवून बसलो, असं होईल. तार टाकायला खर्च येतो, कंपन्यांना शेतकऱ्याची वीज नको असते, हे सगळं मान्य. तरी माझं मत असं, की पंप थोडे कमी वाटा, पण शिवारातले चार-सहा एकत्र जोडून, मीटरसकट द्या.

दादाला हे सगळं सांगितलं. त्याने मोबाईलवर हिशोब केला, दर ऐकून खूषही झाला. मग म्हणाला, "सहा जण कुठून आणायचे? आपल्या शिवारात बांधावरून तीन केसेस चालू आहेत. त्यातली एक माझी."

यावर मला काही सुचलं नाही. चहा पिऊन आम्ही उठलो. पंप चालूच होता.