जतनाची भाषा आणि पिंगुळीची पोथी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यानिमित्ताने जे लिहिले गेले त्यात ‘लुप्त होत चाललेल्या कलेचे जतन’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. गौरवाच्या या भाषेत एक सोयीस्कर गृहीतक दडलेले आहे. जिचे जतन होते ती संस्कृती जणू आधीच संपलेली असते. तिच्याशी समीक्षेने वाद घालण्याचे, तिचा अर्थ लावण्याचे कारण उरत नाही. एखादा सत्कार पुरतो.

चित्रकथीची पोथी ही बांधलेल्या पुस्तकासारखी वस्तू नव्हे. एका आख्यानाची सुटी चित्रे म्हणजे पोथी. कथेकरी ती समोर उभी धरतो, वीणा-टाळ-हुडुक्याच्या साथीने गातो, निरूपण करतो आणि एकेक पान पुढे आणतो. चित्र स्थिर असते, कथन पुढे सरकत असते. कोणते पान किती वेळ समोर राहावे हे पानावर लिहिलेले नसते. ते कथेकऱ्याच्या गळ्यात आणि श्रोत्यांच्या प्रतिसादात ठरते. म्हणजे संहितेचा मोठा भाग कागदाबाहेर आहे. गेल्या काही दशकांत ‘संहिता’, ‘वाचक’, ‘चिन्हव्यवस्था’ या संज्ञांचा उदंड व्यापार करणाऱ्या मराठी समीक्षेला आपल्या घराशेजारचे हे उदाहरण क्वचितच आठवावे, हे केवळ विस्मरण म्हणून सोडून देता येत नाही.

अडचण विद्याशाखांच्या वाटणीत आहे. चित्रे कलेतिहासाकडे गेली, गीते लोकसाहित्याकडे, प्रयोग नाट्यशास्त्राकडे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी चित्रकथीची पाने उत्तम अवस्थेत पाहायला मिळतात. मात्र चौकटीतल्या चित्राला निरूपण नसते. संग्राहकांच्या व्यवहारात रूढ झालेले ‘पैठणी चित्रे’ हे नाव तर कथेचा आणि कथेकऱ्याचा उल्लेखही टाळून स्थळाची चिठ्ठी चिकटवते. ज्याला तिथे ‘चित्र’ म्हणून मान मिळतो, ते आख्यानाचे फाटलेले पान असते.

देशीवाद्यांनी या पोथीला न्याय दिला असता, असे म्हणावे तर तेही कठीण. त्यांच्यातील उत्साही मंडळींना आदिवासी अभिव्यक्ती हवी असते ती परकीय स्पर्शापासून अलिप्त, मातीतून थेट उगवलेली. पिंगुळीच्या ठाकरांची पोथी मात्र रामायण-महाभारत सांगते, सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेली आहे, आणि याच समाजातल्या चामड्याच्या छायाबाहुल्यांचे नाते कर्नाटक-आंध्राच्या बाहुल्यांशी आहे. अभिजात आणि लौकिक यांमधली भिंत गृहीत धरणाऱ्या दोन्ही पक्षांना ती अडचणीची ठरते. शुद्धतेच्या कसोटीवर ती देशी ठरत नसेल, तर दोष कसोटीत शोधला पाहिजे.

जीर्ण झालेली पोथी घरात ठेवू नये, विकू नये, पाण्यात विसर्जित करून नवी काढावी, अशी रूढी सांगितली जाते. या रूढीकडे अज्ञान म्हणून पाहणाऱ्यांनी थोडे थांबावे. मूळ प्रत नष्ट करून परंपरा चालू ठेवणारी ही व्यवस्था ‘अस्सल प्रत’ या संकल्पनेलाच नकार देते. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला याहून तीव्र आव्हान क्वचित मिळेल.

मग गंगावणे यांनी २००६ साली गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभारले, ते या रूढीशी विसंगत नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि तो भावुकतेने टाळता येणार नाही. पोथ्या विकत घेणारे दारात येऊ लागले की विसर्जनाचा अर्थ बदलतो. जे पाण्यात जायचे ते परगावच्या भिंतीवर जाते. अशा वेळी पोथी घरातच राखणे हा रूढीभंग खरा, पण तो बाजाराने लादलेल्या निवडीतून आलेला आहे. शिवाय त्या अंगणात पोथी उघडते, कळसूत्री बाहुल्या हलतात, सामाजिक प्रबोधनाचे नवे विषय त्यांच्या तोंडी येतात. या नव्या आख्यानांना ‘प्रचारकी’ म्हणून नाक मुरडणारे अभ्यासक जुन्या आख्यानांतला राजाश्रयाचा प्रचार मात्र निमूटपणे ‘परंपरा’ म्हणून स्वीकारतात.

पदव्युत्तर वर्गात आख्यानकाव्य शिकवताना पंडित कवींची छापील संहिता समोर असते. त्याच कथेची पिंगुळीची पोथी, तिच्या निरूपणासह, शेजारी ठेवून दोहोंचे कथनतंत्र तपासायला कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही. कुडाळपर्यंत रेल्वे जाते.